परदेशी विद्यापीठात जाताना आरोग्य विमा कसा निवडावा: आधी नियम, मग पॉलिसी, प्रीमियम सगळ्यात शेवटी

बहुतेक विद्यार्थी विमा निवडायला चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर सर्वात स्वस्त पॉलिसी शोधायची, पहिल्या पानावरचा मोठा आकडा बघायचा आणि पैसे भरून मोकळं व्हायचं. मग विद्यापीठाचा मेल येतो की हा विमा आमच्या निकषांत बसत नाही. फीच्या बिलात विद्यापीठाच्या विम्याची रक्कम आधीच चढलेली असते, आणि आधीच्या पॉलिसीचे पैसे परत मिळवण्यासाठी वेगळी मारामारी.

खाली दिलेला क्रम याच गोंधळासाठी आहे. टप्पे मागेपुढे करू नका. दुसरा टप्पा पूर्ण होईपर्यंत तर कुठेही कार्ड स्वाइप करू नका.

## सुरुवातीआधी हाताशी ठेवायच्या गोष्टी

- ऑफर लेटर, व्हिसाचा नेमका प्रकार आणि अभ्यासक्रम सुरू होण्याची व संपण्याची तारीख.
- विमानाची तारीख. अजून ठरली नसेल तर अंदाजे आठवडा.
- स्वतःच्या प्रकृतीची प्रामाणिक यादी: दमा, थायरॉइड, मधुमेह, मायग्रेन, जुनी शस्त्रक्रिया, चालू गोळ्या, समुपदेशन किंवा मानसोपचार. ही यादी फक्त तुमच्यासाठी आहे, त्यामुळे काही लपवायचं कारण नाही.
- विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचं आरोग्य विम्याचं पान आणि तुमच्या स्टुडंट अकाउंटमधला फीचा तपशील.
- ज्या पॉलिसीचा विचार आहे तिचा पूर्ण दस्तऐवज. माहितीपत्रक म्हणजे पॉलिसी नव्हे. चार पानी रंगीत पीडीएफच्या मागे साठ पानी काळी-पांढरी पीडीएफ असते, ती मिळवा. विक्रेता ती द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबा.

## टप्पा १: तुमच्या देशात निवड करायला वाव आहे का, ते आधी बघा

अनेक देशांत निवडण्यासारखं फारसं काही नसतं, आणि तरीही विद्यार्थी आठवडेच्या आठवडे तुलना करत बसतात. ढोबळमानाने चार परिस्थिती दिसतात.

सरकारी योजनेत थेट समावेश. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून जास्त मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर व्हिसा अर्जासोबतच इमिग्रेशन हेल्थ सरचार्ज (सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आकार) भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी तो वर्षाला ७७६ पौंड आहे. हिशेब अभ्यासक्रमाच्या लांबीवर होत नाही, व्हिसाच्या लांबीवर होतो. बारा महिन्यांच्या मास्टर्सला व्हिसा त्याहून काही महिने जास्त मिळतो, म्हणून दीड वर्षाची रक्कम, म्हणजे १,१६४ पौंड, एकदम भरावी लागते. पैशांची तजवीज करताना हीच गोष्ट सर्रास सुटते. फ्रान्समध्ये परदेशी विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्य विम्यात मोफत नोंदणी करता येते, पण डॉक्टरच्या ठरलेल्या फीच्या साधारण ७० टक्केच परत मिळतात. उरलेल्या भागासाठी ‘म्युत्युएल’ नावाचा पूरक विमा घेता येतो. जपानमध्ये तीन महिन्यांहून जास्त राहणाऱ्यांनी राष्ट्रीय आरोग्य विम्यात नाव नोंदवायचं असतं, आणि उपचाराचा ३० टक्के खर्च रुग्णाचा असतो. दक्षिण कोरियात मार्च २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना राष्ट्रीय विमा सक्तीचा आहे.

ठरावीक साच्याचा खासगी विमा सक्तीचा. ऑस्ट्रेलिया हे सरळ उदाहरण. विद्यार्थी व्हिसासाठी ओएसएचसी हा परदेशी विद्यार्थ्यांचा आरोग्य विमा व्हिसाच्या संपूर्ण मुदतीचा लागतो, आणि तो मान्यताप्राप्त कंपन्यांकडूनच घ्यावा लागतो. मूळ संरक्षण सगळीकडे जवळपास सारखं असतं, त्यामुळे तुलना करायची ती विमा कंपनीला थेट बिल पाठवणारे डॉक्टर, अॅपची सोय आणि रिफंडचे नियम यांची. दात, चष्मा, फिजिओथेरपी यात सहसा येत नाहीत. आधीपासूनच्या आजारांना १२ महिन्यांचा प्रतीक्षा काळ असतो.

निवड आहे, पण एकदाच. जर्मनीत विद्यापीठात प्रवेश घेणारा तीस वर्षांखालचा विद्यार्थी साधारणपणे सरकारी विमा व्यवस्थेत येतो. खासगी विमा हवा असेल तर त्यातून सूट घ्यावी लागते, आणि ती विमा सक्ती लागू झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. एकदा घेतलेली सूट त्या शिक्षणाच्या काळात मागे घेता येत नाही. पहिल्या वर्षी स्वस्त वाटलेला खासगी विमा दुसऱ्या वर्षी आजारपण आल्यावर नकोसा झाला, तरी परतीचा रस्ता नाही. भाषेच्या प्रवेशपूर्व वर्गाला जाणाऱ्यांना मात्र सरकारी विद्यार्थी-दर मिळत नाही. त्यांनी तेवढ्या काळापुरता खासगी विमा घ्यावा आणि विद्यापीठात नाव लागताच बदल करावा.

विद्यापीठ किंवा प्रांत ठरवतो. अमेरिका आणि कॅनडा. कॅनडात प्रांताप्रांताचे नियम वेगळे: ओंटारियोत विद्यापीठांच्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी यूएचआयपी नावाची योजना आहे, तर ब्रिटिश कोलंबियात प्रांताच्या विम्याला पात्र होईपर्यंत सुरुवातीचा प्रतीक्षा काळ खासगी विम्याने भरून काढावा लागतो. अमेरिकेत एफ-१ या नेहमीच्या विद्यार्थी व्हिसासाठी केंद्र सरकारची विम्याची अट नाही. अट घालतं ते विद्यापीठ. जे-१ या आदानप्रदान कार्यक्रमाच्या व्हिसासाठी मात्र सरकारी किमान अटी आहेत: प्रत्येक आजारासाठी किंवा अपघातासाठी १ लाख डॉलरचं संरक्षण, उपचारासाठी रुग्णाला दुसरीकडे किंवा मायदेशी हलवण्यासाठी ५० हजार, मृतदेह मायदेशी पाठवण्यासाठी २५ हजार, आणि डिडक्टिबल (कंपनीने खर्च उचलण्याआधी तुम्ही भरायची रक्कम) प्रत्येक आजारामागे ५०० डॉलरपेक्षा जास्त नको. सोबत येणाऱ्या जे-२ कुटुंबीयांनाही हेच लागू.

तपासा: तुमचा देश पहिल्या दोन गटांत असेल तर तुमचं निम्मं काम इथेच संपलं. सक्तीच्या विम्यात काय येत नाही ते लिहून काढा आणि थेट सातव्या टप्प्यावर जा. पुढचा मजकूर मुख्यतः शेवटच्या दोन गटांसाठी, त्यातही अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी आहे, कारण चुकीची किंमत तिथे सर्वात जास्त मोजावी लागते.

इशारा: शेंगेन व्हिसासाठी लागणारा ३० हजार युरोंचा प्रवास विमा हा अल्पकालीन व्हिसाचा कागद आहे. तो दाखवून देशात पाऊल ठेवता येईल. विद्यापीठातल्या नोंदणीसाठी तो पुरेल असं धरून चालू नका.

## टप्पा २: विद्यापीठाची अट आणि वेव्हरची मुदत

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत तुम्ही काहीही केलं नाही तर आपोआप विद्यापीठाच्या योजनेत घातले जाता आणि रक्कम फीच्या बिलात लागते. बाहेरचा विमा वापरायचा असेल तर ‘वेव्हर’ मागावा लागतो, म्हणजे सूट. काही विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांना वेव्हर देतच नाहीत. काही ठिकाणी फक्त नोकरीतून, पालकांच्या कंपनीतून किंवा सरकारी शिष्यवृत्तीतून मिळालेला विमा चालतो. हे आधी समजलं तर पुढची सगळी तुलना वाचते.

क्रम असा ठेवा:

१. वेव्हरचे निकष असलेलं पान शोधा आणि त्याची पीडीएफ जतन करा. चालू शैक्षणिक वर्षाचंच पान आहे ना, ते पाहा. गेल्या वर्षीच्या सीनियरने पाठवलेली यादी वापरू नका. निकष दरवर्षी बदलू शकतात.

२. निकषांचा तक्ता करा. सहसा विचारलं जातं ते असं: डिडक्टिबलची कमाल मर्यादा, विमा कंपनीचं त्याच देशात क्लेम हाताळणारं कार्यालय आहे का, आधीपासूनचे आजार प्रतीक्षेशिवाय येतात का, मानसिक आरोग्य आणि प्रसूती आहे का, विद्यापीठाच्या परिसरात नेटवर्क (कंपनीशी करार असलेले डॉक्टर आणि रुग्णालयं) आहे का, संपूर्ण वर्षाचं सलग संरक्षण आहे का.

३. विचारात असलेली पॉलिसी या तक्त्यावर ओळीओळीने ताडून बघा. एका निकषात जरी नापास झाली तरी बाद. ‘बहुतेक बसतं’ याला इथे अर्थ नाही.

४. शंका असेल तर विद्यापीठाच्या विमा कार्यालयाला मेल करा. फोनवर मिळालेल्या होकाराचा पुढे उपयोग होत नाही.

५. वेव्हर नाकारला गेला तर पॉलिसी पूर्ण रकमेच्या परताव्यासह रद्द होईल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. मगच खरेदी.

६. अर्ज भरा आणि बिलातून रक्कम प्रत्यक्ष वजा झालेली दिसेपर्यंत प्रकरण मिटलं असं समजू नका. ‘अर्ज मिळाला’ आणि ‘अर्ज मंजूर’ हे दोन वेगळे मेल असतात. पहिला आला की अनेकजण निर्धास्त होतात, आणि मुदत निघून जाते.

इशारा: वेव्हर कायमचा नसतो. बहुतेक ठिकाणी दरवर्षी, काही ठिकाणी दर सत्राला नव्याने मागावा लागतो. मुदतीची तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका, एक आठवडा आधीच्या आठवणीसह.

## टप्पा ३: प्रवास विमा आणि आरोग्य विमा यांतला फरक ओळखा

नावावर जाऊ नका. ‘स्टुडंट’ आणि ‘हेल्थ’ हे शब्द दोन्हींवर छापलेले असतात. प्रवास विम्याची मांडणी अचानक उद्भवलेल्या आजारासाठी असते. तो तुम्हाला प्रवास करण्याइतपत बरं करतो आणि पुढच्या उपचारांसाठी घरी पाठवायला मोकळा असतो. दोन वर्षं परदेशात राहणाऱ्या माणसाला त्वचारोग, पाठदुखी, नैराश्य, लसीकरण, वार्षिक तपासणी अशा साध्या गोष्टी लागतात, आणि नेमक्या त्याच तिथे नसतात.

ओळखायच्या खुणा: सामान हरवणे, विमान चुकणे, पासपोर्ट हरवणे ही कलमं पुढे आणि उपचारांची कलमं मागे, ‘तातडीचे उपचार’ हा शब्द जवळपास प्रत्येक ओळीत, प्रतिबंधात्मक तपासणीचा उल्लेख नाही, मायदेशी परत गेल्यावर संरक्षण संपतं किंवा उलट मायदेशी परत पाठवण्याचा हक्क कंपनीकडे. यातल्या दोन खुणा दिसल्या तरी तो प्रवास विमा. प्रवासापुरता जरूर घ्या, पण त्याच्या भरवशावर शिक्षण काढू नका.

## टप्पा ४: पॉलिसी शेवटच्या पानापासून वाचा

सर्वात जास्त वेळ इथे द्या. एक अख्खी संध्याकाळ लागली तरी चालेल. ‘कमाल संरक्षण ५ लाख डॉलर’ या ओळीतून काहीही कळत नाही. पॉलिसी खरी काय आहे ते कळतं वगळलेल्या गोष्टींच्या यादीतून आणि व्याख्यांमधून.

आधीपासूनच्या आजाराची व्याख्या. यात ‘लुक-बॅक’ काळ शोधा, म्हणजे मागचे किती महिने कंपनी तपासणार: सहा, बारा, छत्तीस की जन्मापासून. नंतर शब्द बघा. ‘ज्यासाठी उपचार घेतले’ असं लिहिलं असेल तर मर्यादा स्पष्ट आहे. ‘ज्याची लक्षणं होती, मग निदान झालेलं असो वा नसो’ असं असेल तर जाळं फार मोठं आहे. पोटदुखीचा त्रास वर्षभर अंगावर काढला, परदेशात गेल्यावर पित्ताशयात खडे निघाले, तर कंपनी बोट ठेवणार ते नेमकं याच शब्दांवर.

अमेरिकेत इथे एक बारकावा आहे. विद्यापीठाची योजना एखाद्या विमा कंपनीने पूर्ण जोखीम घेऊन चालवलेली असेल तर तिला केंद्रीय आरोग्य विमा कायद्याचे बरेच नियम लागू होतात. आधीपासूनचे आजार वगळता येत नाहीत आणि अत्यावश्यक उपचारांवर वार्षिक डॉलर-मर्यादा घालता येत नाही. विद्यापीठ स्वतःच्या निधीतून योजना चालवत असेल तर केंद्राचे हे नियम बांधील नसतात. म्हणून विमा कार्यालयाला विचारा: योजना ‘फुल्ली इन्शुअर्ड’ आहे की ‘सेल्फ-फंडेड’? परदेशी विद्यार्थ्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त पॉलिसींपैकी अनेक या कायद्याच्या चौकटीत येतच नाहीत.

उपमर्यादा. एकूण आकडा मोठा आणि आतले आकडे छोटे, हा नेहमीचा प्रकार. रुग्णालयातल्या खोलीसाठी दिवसाला इतकेच, शस्त्रक्रियेसाठी इतकेच, भूलतज्ज्ञाला शस्त्रक्रियेच्या रकमेच्या अमुक टक्केच. असा तक्ता दिसला की समजा, खर्च मर्यादेपलीकडे गेला तर वरचं सगळं तुमच्या माथी.

मानसिक आरोग्य. ‘समाविष्ट’ एवढ्यावर विश्वास ठेवू नका. वर्षाला किती भेटी, भेटीमागे किती रक्कम, फक्त दाखल झाल्यावर की बाहेरून भेटींनाही, हे बघा. परक्या देशातलं पहिलं वर्ष कठीण जातं, त्यामुळे हे कलम वापरण्याची वेळ वाटते तितकी दूर नसते.

दारू आणि नशा. अनेक स्वस्त पॉलिसींत रक्तात अल्कोहोल आढळल्यास क्लेम नाकारण्याचं कलम असतं. अल्कोहोलचा अपघाताशी किंवा आजाराशी संबंध नसला तरी क्लेम नाकारता येईल असं ते शब्दबद्ध आहे का, एवढं वाचून घ्या.

खेळ. विद्यापीठाच्या संघातून स्पर्धात्मक खेळणं बऱ्याचदा वेगळं काढलेलं असतं. स्कीइंग, गिर्यारोहण, डायव्हिंगही. सुट्टीत मित्रांबरोबर बर्फात जाणार असाल तर हे कलम तुमच्यासाठी आहे.

प्रसूती, गर्भनिरोधन, अक्कलदाढ, नियमित औषधं, अॅम्ब्युलन्स. प्रत्येकापुढे हो, नाही किंवा मर्यादा असं लिहा. औषधांमध्ये तुमची चालू गोळी नेमक्या रासायनिक नावाने कंपनीच्या औषध-यादीत शोधा.

तपासा: स्वतःच्या प्रकृतीची यादी काढली होती ती आता समोर घ्या. प्रत्येक ओळीसमोर पॉलिसीतल्या कलमाचा क्रमांक लिहा. ज्या ओळीसमोर क्रमांक सापडत नाही, तो तुमचा प्रश्न. तो कंपनीला मेलवर विचारा.

## टप्पा ५: दोन वर्षांचं गणित मांडा, एक चांगलं आणि एक वाईट

आधी चार शब्द पक्के करा. डिडक्टिबल म्हणजे कंपनी खर्च उचलायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम. को-पे म्हणजे भेटीमागे ठरावीक रक्कम. को-इन्शुरन्स म्हणजे उरलेल्या खर्चातला तुमचा टक्का. आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणजे वर्षभरात तुमच्या खिशातून जाऊ शकणाऱ्या रकमेची वरची मर्यादा. चौथा शब्द सर्वात महत्त्वाचा आणि तोच विचारला जात नाही.

समजा तीन पॉलिसी आहेत (आकडे केवळ समजण्यासाठी):

- क: प्रीमियम ९०० डॉलर, डिडक्टिबल ५००, को-इन्शुरन्स २० टक्के, वरची मर्यादा नाही.
- ख: प्रीमियम २,६००, डिडक्टिबल २५०, को-इन्शुरन्स २० टक्के, वरची मर्यादा ३,०००, डॉक्टरच्या भेटीला २५ को-पे.
- ग: प्रीमियम ६००, कमाल संरक्षण ५ लाख, पण खोली दिवसाला १,४०० आणि शस्त्रक्रिया ३,००० अशी उपमर्यादा.

चांगलं वर्ष: एकदाच सर्दी-तापासाठी २०० डॉलरची भेट. ‘क’ मध्ये डिडक्टिबलमुळे पूर्ण २०० तुमचे, एकूण १,१००. ‘ख’ मध्ये २,६२५. या दोघींत ‘क’ जिंकते, यात वाद नाही.

वाईट वर्ष: अपेंडिक्स, चार दिवस रुग्णालयात, बिल २४,०००. ‘क’ मध्ये ५०० अधिक उरलेल्या २३,५०० चे २० टक्के म्हणजे ४,७००; मिळून ५,२००, प्रीमियम धरून ६,१००. ‘ख’ मध्ये हिशेब ५,००० होतो, पण मर्यादेमुळे ३,००० वर थांबतो. प्रीमियम धरून ५,६००. ‘ग’ मध्ये कंपनी चार दिवसांचे ५,६०० आणि शस्त्रक्रियेचे ३,००० देते. उरलेले १५,४०० तुमचे, प्रीमियम धरून १६,०००. मुखपृष्ठावरचे ५ लाख तिथेच राहतात.

आता बिल २४ हजारांऐवजी १ लाख धरा. ‘ख’ तिथेच, ५,६०० वर. ‘क’ मध्ये ५०० अधिक १९,९००, म्हणजे २०,४००, वर प्रीमियम. माझ्या मते वरची मर्यादा नसलेली पॉलिसी अमेरिकेसाठी घेऊच नये. प्रीमियममध्ये वाचलेले पैसे या धोक्याची भरपाई करत नाहीत.

तुमच्या हातातल्या पॉलिसींचे आकडे घालून हेच गणित करा. शैक्षणिक कर्ज असेल तर वाईट वर्षाची रक्कम कुठून येणार, हेही तिथेच लिहा.

## टप्पा ६: नेटवर्क तपासा, पण योग्य प्रश्न विचारून

कंपनीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचा पिनकोड टाका. प्राथमिक डॉक्टर, अर्जंट केअर (तातडीच्या पण किरकोळ दुखण्यांसाठीचा दवाखाना), रुग्णालय आणि औषध दुकान, चारही जवळ हवेत. मग त्यातल्या एका दवाखान्याला स्वतः विचारा.

‘तुम्ही हा विमा घेता का?’ असं विचारलं तर उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येतं, कारण बिल कोणत्याही कंपनीला पाठवता येतं. विचारायचं असं: ‘या नावाच्या पॉलिसीच्या नेटवर्कमध्ये तुम्ही आहात का?’ कंपनीचं नव्हे, पॉलिसीचं आणि नेटवर्कचं नाव सांगा. एकाच कंपनीची अनेक नेटवर्क असतात.

काही विद्यापीठ योजनांत आधी कॅम्पसच्या आरोग्य केंद्रात जाऊन रेफरल (बाहेरच्या डॉक्टरकडे जाण्यासाठीची चिठ्ठी) घ्यावा लागतो, नाहीतर बाहेरच्या डॉक्टरचं बिल कमी दराने मंजूर होतं. हा नियम आहे का आणि सुट्टीत केंद्र बंद असताना काय करायचं, ते पाहा.

अमेरिकेत २०२२ पासून ‘नो सरप्रायझेस अॅक्ट’ लागू आहे. आणीबाणीत नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयाने पाठवलेल्या अवाच्या सवा बिलापासून तो संरक्षण देतो. मात्र अल्पमुदतीच्या आणि ठरावीक रक्कम देणाऱ्या पॉलिसींना हा कायदा लागू नाही, आणि रस्त्यावरून जाणारी अॅम्ब्युलन्स त्यात येत नाही.

## टप्पा ७: तारखा जुळवा

विमा सत्राच्या पहिल्या दिवशी सुरू होतो आणि विद्यार्थी त्याआधी दहा-पंधरा दिवस पोहोचतो. जेटलॅग, घर शोधणं, जिने चढून सामान वाहणं, सगळं या उघड्या दिवसांत. संरक्षण विमान सुटण्याच्या दिवसापासून हवं. मुख्य पॉलिसी तेव्हा सुरू होत नसेल तर मधल्या दिवसांसाठी छोटा प्रवास विमा घ्या. त्याचा खरा उपयोग इथे आहे.

सरकारी योजना असलेल्या देशांतही नोंदणी पूर्ण होऊन कार्ड हाती येईपर्यंत वेळ जातो. संरक्षण पोहोचल्यापासून मानलं जातं की नोंदणीपासून, ते विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा.

न्यूझीलंडला जाणाऱ्यांसाठी एक वेगळी नोंद. तिथे अपघाती दुखापतीचा उपचार एसीसी या सरकारी योजनेत परदेशी लोकांनाही मिळतो. आजारपण त्यात येत नाही, त्यामुळे एसीसी आहे म्हणून विमा टाळता येत नाही.

## टप्पा ८: खरेदी आणि कागदपत्रं

- नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः तेच. मधलं नाव आणि आडनावाची अदलाबदल झाली की व्हिसा अर्ज आणि वेव्हर, दोन्ही ठिकाणी अडतं.
- आरोग्याविषयीच्या प्रश्नांना खरी उत्तरं द्या. एजंट ‘नाही लिहा, काही होत नाही’ म्हणाला तर एजंट बदला. क्लेमच्या वेळी कंपनी जुने वैद्यकीय कागद मागवते, आणि लपवलेला आजार सापडला तर पॉलिसी रद्द होऊ शकते.
- पूर्ण पॉलिसी, प्रमाणपत्र, विद्यापीठासाठीचं पत्र आणि पैसे भरल्याची पावती एका फोल्डरमध्ये. ती घरच्या एका माणसाकडेही असू द्या. आणीबाणीत फोन करणारे तेच असतात.
- जर्मनीत सरकारी विमा कंपनी तुमची नोंद ‘एम १०’ या इलेक्ट्रॉनिक सूचनेने थेट विद्यापीठाला पाठवते. ती गेली का, हे कंपनीला विचारा. खासगी विमा असला तरी सूट मिळाल्याची नोंद सरकारी विमा कंपनीमार्फतच जावी लागते.

निघण्याआधी दात आणि डोळे दाखवून घ्या. हे दोन्ही बहुतेक विद्यार्थी विम्यांत नसतात आणि परदेशात महाग पडतात. नियमित औषधांसाठी डॉक्टरचं पत्र घ्या, औषधाचं रासायनिक नाव आणि मात्रा त्यात हवी. औषध त्या देशात चालतं का, हेही बघा. जपानमध्ये एडीएचडीसाठी दिली जाणारी अॅम्फेटामाइनयुक्त औषधं डॉक्टरची चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत.

## टप्पा ९: पोहोचल्यावरचा पहिला आठवडा

विम्याचं कार्ड अॅपवरून डाउनलोड करा आणि फोनमध्ये चित्र म्हणूनही ठेवा. रुग्णालयाच्या तळघरात इंटरनेट नसतं. चोवीस तासांची हेल्पलाइन संपर्क यादीत टाका. जवळचं अर्जंट केअर कुठे आहे ते एकदा पाहून या. अमेरिकेत मुरगळलेला पाय, ताप, कानदुखी यांसाठी इमर्जन्सी रूममध्ये गेलात तर बिल अनेक पटींनी मोठं येतं. छातीत दुखणं, श्वास लागणं, बेशुद्धी, जोराचा रक्तस्राव असेल तेव्हा मात्र विम्याचा विचार न करता इमर्जन्सीच गाठा.

उपचारानंतर कंपनीकडून ‘एक्स्प्लनेशन ऑफ बेनिफिट्स’ येतं, म्हणजे कंपनी किती देणार आणि तुमच्या वाट्याला किती येणार याचा तपशील. हे बिल नव्हे. त्यावरची रक्कम आणि दवाखान्याच्या बिलावरची रक्कम जुळल्याशिवाय पैसे भरू नका. जुळत नसेल तर तपशीलवार बिल मागा. क्लेम नाकारला गेला तर कारण लेखी मागा आणि अपिलाची मुदत बघा. बिलावर उपचाराचा कोड चुकला, अपघाताचा फॉर्म भरायचा राहिला, अशा किरकोळ कारणांनी नाकारलेले क्लेम अपिलात सुटू शकतात, पण मुदतीत अपील केलं तरच.

## टप्पा १०: परिस्थिती बदलली की पॉलिसी पुन्हा उघडा

पूर्णवेळ क्रेडिटच्या खाली गेलात, सत्र सोडलं, लग्न झालं, जोडीदार येणार, इंटर्नशिपसाठी दुसऱ्या राज्यात जाणार, यातल्या कुठल्याही वेळी पात्रता आणि नेटवर्क पुन्हा तपासा. जर्मनीत तिशी पूर्ण झाली की विद्यार्थी-दर सहसा संपतो; त्याच्या तीन-चार महिने आधी कंपनीशी बोला. सुट्टीत मायदेशी जाताना तिथले उपचार पॉलिसीत येतात का, ते बघा. बऱ्याचदा येत नाहीत, किंवा ठरावीक दिवसच येतात.

पदवीनंतरचे महिने सर्वात दुर्लक्षित. विद्यापीठाची योजना अनेकदा सत्राबरोबर संपते आणि नोकरीचा विमा रुजू झाल्यावर, कधी कधी त्यानंतरही काही आठवड्यांनी लागू होतो. अमेरिकेत ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणारी कामाची तात्पुरती परवानगी) असलेल्यांना काही विद्यापीठं योजना पुढे चालू ठेवू देतात, पण त्यासाठी अर्ज जुनी योजना संपण्याआधी करावा लागतो. शेवटच्या सत्राची फी भरताना विमा कार्यालयाला तीन गोष्टी विचारून ठेवा: संरक्षणाची शेवटची तारीख कोणती, ते वाढवता येतं का, आणि त्यासाठीचा अर्ज कधीपर्यंत द्यायचा.